लेगोतला स्पायडर-मॅन: १४ वर्षांच्या अ‍ॅनिमेटरला काम कसे मिळाले

जून २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अ‍ॅनिमेशनपट जगभर प्रदर्शित झाला. अनेक विश्वांतले अनेक स्पायडर-मॅन ज्यात एकमेकांना भेटतात, अशा त्या चित्रपटात एक विश्व लेगोच्या ठोकळ्यांचे आहे. त्या विश्वातला अगदी छोटा प्रसंग कॅनडातील टोरांटो येथे राहणाऱ्या प्रेस्टन मुटांगा या १४ वर्षांच्या शाळकरी मुलाने घरच्या संगणकावर अ‍ॅनिमेट केला होता. हे काम त्याला कोणत्या संस्थेच्या प्लेसमेंटमधून, ओळखीपाळखीतून किंवा अर्ज धाडून मिळाले नव्हते. त्याने याच चित्रपटाच्या ट्रेलरची लेगो आवृत्ती तयार करून इंटरनेटवर टाकली होती. ती निर्मात्यांच्या पाहण्यात आली आणि त्यांनी स्वतःहून त्याला शोधून काढले.

ही हकिकत तेव्हा वर्तमानपत्रांत गाजली आणि आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनच्या वर्गांतही ती अधूनमधून सांगितली जाते. सांगता सांगता तिचे रूप बहुधा असे होते की मुलाने व्हिडिओ टाकला, तो व्हायरल झाला आणि हॉलिवूडने बोलावणे धाडले. या रूपात ती ऐकायला बरी वाटते, पण काम शोधणाऱ्या अ‍ॅनिमेटरला तिचा काडीचाही उपयोग होत नाही, कारण तिच्यात काम देणाऱ्याचा विचारच नसतो. त्याने नेमके काय पाहिले, ते पाहून त्याच्या कोणत्या शंका फिटल्या, आणि त्याला त्याच वेळी अशा माणसाची गरज का होती, या अंगाने प्रकरण तपासले तर ऑनलाइन स्वप्रसिद्धीविषयी दिल्या जाणाऱ्या पुष्कळशा सल्ल्यांकडे नव्याने पाहावे लागते.

घडले ते असे

मुटांगाला त्याच्या वडिलांनी ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर दाखवले आणि तो त्यात रमला. पुढचे शिक्षण त्याने यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून स्वतःच घेतले. ब्लेंडर मोफत आहे, ही बाब इथे महत्त्वाची ठरते. २००२ मध्ये लोकवर्गणीतून १ लाख युरो उभे करून त्याचा सोर्स कोड खुला करण्यात आला आणि तेव्हापासून ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. व्यावसायिक दर्जाच्या दृष्टीनेही ते आता मागे राहिलेले नाही. याच सॉफ्टवेअरवर तयार झालेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. परवान्याचे शुल्क नाही, शिकवणीची फी नाही आणि विषय लेगोच्या बाहुल्यांचा, अशी या मुलाची सुरुवात होती. लेगो शैलीतले व्हिडिओ तो आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकत असे.

डिसेंबर २०२२ मध्ये ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’चा ट्रेलर आला. त्यानंतर थोड्याच काळात मुटांगाची लेगो आवृत्ती इंटरनेटवर झळकली. मूळ ट्रेलरमधला एकेक शॉट घेऊन, त्याच क्रमाने आणि त्याच लांबीने त्याने तो लेगोत पुन्हा उभा केला होता. चित्रपटाचे निर्माते आणि सहलेखक फिल लॉर्ड व क्रिस्टोफर मिलर यांनी तो पाहिला. करणारा व्यावसायिक असेल असे त्यांना वाटले होते. चौकशीअंती तो १४ वर्षांचा निघाला तेव्हा ते चकित झाले, असे मिलर यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. चित्रपटातल्या लेगो विश्वाचा प्रसंग त्यालाच द्यावा, असे ठरले.

काम शाळेच्या वसंत ऋतूतल्या सुट्टीत सुरू झाले आणि सुट्टी संपल्यावर गृहपाठ आटोपून संध्याकाळी चालू राहिले. एक आठवडा सोडून मिलर यांच्याशी व्हिडिओ कॉल होत असे आणि त्यात त्याच्या शॉटवर तपशीलवार सूचना मिळत. वडिलांनी त्याच्यासाठी चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा नवा संगणक जुळवून दिला, कारण जुन्यावर रेंडर व्हायला, म्हणजे दृश्याची अंतिम चित्रे तयार व्हायला, फार वेळ लागत असे. सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी कार्ड फुकट मिळत नाही, हे हकिकत सांगणारे बहुधा वगळतात. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी हाच खर्च मुलाच्या वाटेत आडवा येतो.

त्या व्हिडिओत पाहणाऱ्याला काय दिसले

लेगोची बाहुली अ‍ॅनिमेट करणे सोपे असते, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो, कारण तिला अवयवच कमी. वस्तुतः अडचण तिथूनच सुरू होते. या बाहुलीला कोपर नसते आणि गुडघाही नसतो. मान आडवी फिरते, पण वर-खाली होत नाही. हात खांद्यातून पुढे-मागे जातो, मनगट स्वतःभोवती वळते आणि पाय कमरेपासून फक्त पुढे-मागे होतात. धड म्हणजे एक टणक तुकडा, त्याला कंबरेत वाकवण्याची सोय नाही. माणसाच्या आकृतीत अ‍ॅनिमेटर पाठीच्या कण्याची वक्ररेषा धरून पोझ बांधतो. इथे ती रेषाच उपलब्ध नाही.

आता या बाहुलीला स्पायडर-मॅन करायचे आहे, म्हणजे शरीर धनुष्यासारखे वाकवून इमारतींमधून झोके घेणारे पात्र. मूळ ट्रेलरमधले माइल्सचे, म्हणजे चित्रपटाचा नायक असलेल्या स्पायडर-मॅनचे, अंग ज्या लवचीकतेने वळते, ती सगळी लेगोत उतरवताना अ‍ॅनिमेटरला दुसरे मार्ग शोधावे लागतात. संपूर्ण बाहुली एखाद्या अक्षाभोवती तिरकी करायची, झोक्याचा कंस मोठा घ्यायचा, वळणापूर्वी क्षणभर थांबवून पुढच्या दोन फ्रेममध्ये एकदम सोडायचे, डोके धडाच्या आधी वळवायचे, आणि चेहऱ्यावरचा भाव छापील डोळ्या-तोंडाची चित्रे बदलून आणायचा. हे निर्णय टाइमिंग आणि स्पेसिंगचे, म्हणजे हालचाल किती फ्रेममध्ये करायची आणि दर फ्रेमला किती अंतर सरकायचे याचे, आहेत. ते चुकले की बाहुली प्लॅस्टिकचा तुकडा होऊन बसते आणि साधले की तेच प्लॅस्टिक घाबरते, बिचकते, उडी मारते. ज्याने हे काम कधी केले आहे, त्याला दोन-तीन शॉटमध्येच करणाऱ्याचा हात कळतो.

मिलर आणि लॉर्ड यांनी हे काम केलेले होते. २०१४ चा ‘द लेगो मूव्ही’ त्यांचाच. सिडनीच्या अ‍ॅनिमल लॉजिक स्टुडिओत संगणकावर बनलेला तो चित्रपट खऱ्या ठोकळ्यांना हाताने हलवून टिपल्यासारखा दिसावा, यासाठी त्यांच्या चमूने बाहुलीच्या याच मर्यादा कसोशीने पाळल्या होत्या. त्यामुळे मुटांगाचा व्हिडिओ जगात ज्यांनी पाहावा अशी थोडी माणसे होती, त्यांत ही दोघे अगदी वरच्या क्रमांकावर बसतात. सामान्य प्रेक्षकाला ‘भारी आहे’ एवढेच वाटले असेल. या दोघांना मात्र स्वतः कित्येक महिने झगडलेल्या प्रश्नांची उत्तरे एका अनोळखी माणसाने काढलेली दिसली.

दुसरी गोष्ट नकलेची. स्वतःची गोष्ट, स्वतःची पात्रे, स्वतःची शैली दाखवा, असा सल्ला शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ, बनवणाऱ्याला सर्रास दिला जातो. शॉटमागून शॉट अशी नक्कल या सल्ल्याच्या अगदी उलट जाते. पण काम देणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिले तर नकलेत एक मोठी सोय आहे. मूळ ट्रेलर त्याला पाठ असतो, त्यामुळे कॅमेरा, कथा, संकलन यांपैकी काय उसने आहे आणि करणाऱ्याने स्वतः काय केले आहे, हे तो शेजारी शेजारी ठेवून तपासू शकतो. स्वतःच्या कथेवरच्या लघुपटात कथाच फसली तर तिच्यासोबत अ‍ॅनिमेशनही वाहून जाते. इथे पाहणाऱ्याचे लक्ष फक्त कारागिरीवर राहिले. या मुलाला कथा सांगता येते का, याचे उत्तर त्या व्हिडिओत नव्हते. निर्मात्यांना मात्र त्या कामासाठी कथाकार नकोच होता. प्रसंग लिहिलेला होता, त्याला हात हवे होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत वजनदार वाटते: काम पुरे झालेले होते. ट्रेलर म्हणजे भराभर बदलणाऱ्या शॉटची माळ असते. प्रत्येक शॉटसाठी वेगळा सेट, वेगळी प्रकाशयोजना, वेगळी पात्रे. दोन मिनिटांच्या ट्रेलरची नक्कल करणारा माणूस खरे तर मॉडेलिंगपासून संकलनापर्यंत एक छोटे उत्पादन एकट्याने पार पाडतो आणि मध्येच सोडून देत नाही. भरती करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव असा की होतकरूंच्या पोर्टफोलिओत अर्धवट चालणे, अर्धवट धावणे, चेंडूची उसळी आणि ‘काम चालू आहे’ असा शेरा असलेले शॉट भरपूर असतात. कौशल्य त्यांतूनही दिसते, पण मुदतीत पुरे करण्याची सवय दिसत नाही.

वेळ आणि जागा

ट्रेलर आल्यानंतरचे काही आठवडे हे चित्रपटाच्या चमूसाठी लोकांची प्रतिक्रिया न्याहाळण्याचे दिवस असतात. निर्माते आणि कलाकार समाजमाध्यमांवर आपल्याच चित्रपटाचे नाव शोधत असतात, चाहते एकमेकांना जे मिळेल ते पाठवत असतात. अशा दिवसांत त्या चित्रपटाच्या नावाने आणि नावातच ‘लेगो’ असे स्पष्ट लिहून टाकलेला व्हिडिओ योग्य नजरेसमोर येण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. हाच व्हिडिओ चार महिने आधी टाकता येणार नव्हता, आणि चार महिने उशिरा टाकला असता तर लेगो प्रसंग बनून गेलेला असता. मुटांगाने हे हिशेब मांडून केले असेल असे मुळीच वाटत नाही. त्याला स्पायडर-मॅन आवडत होता आणि लेगो आवडत होते. हिशेब आपण आता मागाहून मांडत आहोत.

चॅनेलचाही वाटा होता. व्हिडिओ पाहून कोणी नावावर टिचकी मारली तर त्याच शैलीतले काम त्याला सापडत होते. एकुलता एक देखणा व्हिडिओ आणि मागे काहीच नाही, अशा खात्याविषयी अनुभवी माणसाच्या मनात पहिली शंका येते ती काम उचललेले असण्याची. आपल्याकडे ही शंका निराधार नसते. एकाच संस्थेच्या चार विद्यार्थ्यांच्या शोरीलमध्ये तेच रिग (पात्राला हलवण्यासाठी बसवलेला सांगाडा), तोच संवाद आणि कधी कधी तोच शॉट दिसतो, ही स्टुडिओतल्या लोकांची जुनी तक्रार आहे. म्हणून मागची साखळी दाखवणे, म्हणजे जुने कच्चे काम पुसून न टाकता खाली राहू देणे आणि अंतिम शॉटसोबत त्याचा प्लेब्लास्ट (रेंडरपूर्वीचा कच्चा व्हिडिओ) किंवा शॉट कसा घडत गेला हे दाखवणारा टप्प्याटप्प्याचा ब्रेकडाऊन देणे, हे काम आपलेच असल्याचा सर्वांत स्वस्त पुरावा ठरतो. चित्रे आणि व्हिडिओ यंत्राकडून चुटकीसरशी तयार करून घेता येऊ लागल्यापासून तर अंतिम रेंडरपेक्षा ब्रेकडाऊनच आधी उघडून पाहिला जातो, असे म्हटले तरी चालेल.

नशिबाचा वाटा किती

बराच. चित्रपटात लेगो विश्वाची जागा नसती तर व्हिडिओचे कौतुक होऊन विषय तिथेच संपला असता. निर्माते दुसरे कोणी असते, तर १४ वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्या बजेटच्या चित्रपटातला प्रसंग देण्याची कल्पनाही कोणाला सुचली नसती. लॉर्ड आणि मिलर यांचा स्वभाव आणि इतिहास इथे कामी आला. घरी बसून ठोकळ्यांचे चित्रपट बनवणाऱ्या हौशी लोकांमुळेच आम्हाला ‘द लेगो मूव्ही’ करावासा वाटला, असे मिलर यांनी या प्रकरणाच्या संदर्भात सांगितले आहे. खुद्द मिलर यांचा चित्रसृष्टीतला प्रवेशही काहीसा असाच झाला होता. डार्टमथ महाविद्यालयात असताना माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांच्यावर लेख आला, तो डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख मायकेल आयझनर यांच्या वाचनात आला आणि त्यातून बोलावणे आले. छापील पानावर नजर पडून ज्याचे नशीब उघडले, त्याला पडद्यावर दिसलेल्या अनोळखी मुलाला फोन करणे फारसे विचित्र वाटले नसावे.

शिवाय, नक्कल ज्याची केली त्याच्या मनात आले असते तर तो व्हिडिओ काढूनही टाकायला लावू शकला असता. ट्रेलरचा ध्वनी, पात्रे आणि दृश्यरचना ही स्टुडिओची मालमत्ता असते आणि यूट्यूबची स्वयंचलित ओळख-यंत्रणा असा मजकूर रोजच पकडत असते. भारतातला १९५७ चा कॉपीराइट कायदा कलम ५२ मध्ये खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्तांकन अशा कारणांसाठी सवलत देतो. चाहत्याने केलेली संपूर्ण नक्कल सार्वजनिक चॅनेलवर टाकणे त्यात बसते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. स्टुडिओ बहुधा डोळेझाक करतात, कारण ती फुकटची जाहिरात असते. पण डोळेझाक म्हणजे परवानगी नव्हे, आणि ज्याचा सगळा पोर्टफोलिओ दुसऱ्यांच्या पात्रांवर उभा आहे त्याचे चॅनेल तीन तक्रारींत बंद पडू शकते.

मिळालेल्या कामाचे मापही नीट घ्यायला हवे. ती नोकरी नव्हती. एका प्रसंगापुरते, स्वतः निर्मात्याच्या देखरेखीखाली आणि शाळेचे वेळापत्रक सांभाळून दिलेले ते काम होते. त्याच चित्रपटावर सुमारे १००० कलाकार राबत होते. त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला आलेली परिस्थिती फार वेगळी होती, असे चित्रपट लागल्यानंतर काही आठवड्यांतच ‘व्हल्चर’ या अमेरिकी मनोरंजनविषयक संकेतस्थळाच्या वृत्तातून पुढे आले. नाव न छापण्याच्या अटीवर बोललेल्या चार कलाकारांनी आठवड्याचे सातही दिवस, रोज ११ तासांहून अधिक काम, पुन्हा पुन्हा बदलणारे शॉट आणि सुमारे १०० जणांनी अर्ध्यावर सोडलेली साथ यांचे वर्णन केले. निर्मात्यांच्या बाजूचे म्हणणेही त्या वृत्तात होते. या दोन हकिकती एकाच चित्रपटाच्या आहेत, पण वर्गात सांगितली जाते ती पहिलीच. ऑनलाइन ओळख स्टुडिओच्या दारापर्यंत नेते. आत कामाचे तास किती आणि पैसे किती, हे ठरवण्यात तिचा उपयोग जवळजवळ शून्य असतो.

मराठी अ‍ॅनिमेटरच्या दृष्टीने

या चित्रपटाचा आपल्याशी संबंध केवळ प्रेक्षक म्हणून नाही. त्यात ‘मुंबॅटन’ नावाचे मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणाचे शहर आहे, तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर आहे आणि त्या शहराची रंगसंगती व रेखाटन इंद्रजाल कॉमिक्सच्या धर्तीवर बेतलेले आहे. हीच कॉमिक्स मराठीतही निघत आणि वेताळाच्या गोष्टींसाठी एका पिढीने ती जिवापाड जपली. भारतात चित्रपट १० भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठीही होती. आपल्या मुलांनी लेगोचा तो प्रसंग मराठीतून पाहिला असेल. पडद्यावर आपले शहर, आपली भाषा आणि आपल्या लहानपणची चित्रे असताना ती चितारण्याच्या कामासाठी आपल्या अ‍ॅनिमेटरचा शोध कोणी इंटरनेटवर घेतला तर त्याला काय सापडेल, हा प्रश्न म्हणूनच अगदी रास्त ठरतो.

उत्तर फारसे समाधानकारक नाही आणि त्याचे एक कारण कौशल्याच्या बाहेरचे आहे. मुंबई आणि पुण्यातल्या स्टुडिओंत होणारे पुष्कळसे काम परदेशी निर्मात्यांसाठी सेवा म्हणून होते. करारात गोपनीयतेची अट असते. प्रकल्प प्रदर्शित होईपर्यंत, आणि कधी कधी त्यानंतरही, आपण केलेला शॉट दाखवायला परवानगी लागते. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार सामान्यतः नोकरी देणारा असतो, त्यामुळे तक्रारीलाही जागा नसते. परिणामी पाच-सहा वर्षे घासलेला माणूस नवे काम शोधायला निघतो तेव्हा त्याच्याकडे दाखवायला कॉलेजातले शॉट असतात. मुटांगाची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच होती की जे काही केले ते सगळे तो दाखवू शकत होता. नोकरी करणाऱ्याने वर्षातून एखादा तरी शॉट, भले १० सेकंदांचा, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या यंत्रावर करून ठेवावा. आणि तो ज्या प्रकारचे काम हवे आहे त्याच प्रकारचा असावा.

‘त्याच प्रकारचा’ हा मुद्दा आपल्याकडे फार सैलपणे घेतला जातो. मराठीत अ‍ॅनिमेशनला पैसे कोण देते, ते पाहा. बालगीतांची चॅनेल, शैक्षणिक व्हिडिओ बनवणाऱ्या कंपन्या, जाहिरात संस्था, चित्रपटांच्या श्रेयनामावल्या आणि गाण्यांचे लिरिकल व्हिडिओ करून घेणारे निर्माते, सण-उत्सवांच्या शुभेच्छा हव्या असणाऱ्या पतपेढ्या, सराफ आणि बिल्डर. यांच्यापैकी कोणालाही चिलखत घातलेला योद्धा तलवार फिरवताना पाहायचा नसतो, पण तालुक्याच्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या शोरीलमध्ये तो हमखास असतो. बालगीताचे चॅनेल चालवणाऱ्याला हत्ती, चिमणी आणि चार ओळींच्या तालावर पावले टाकणारे मूल दाखवा. तो दुसरे काही पाहणारच नाही.

वेळेचे गणितही इथे वेगळे बसते. समजा एखाद्याने वारीवर १५ सेकंदांचा सुंदर लूप बनवला, ज्यात टाळाच्या ठेक्यावर पावले पडताहेत, भगव्या पताका उजवीकडून डावीकडे लहरताहेत आणि शेवटची फ्रेम पहिल्या फ्रेमला बेमालूम मिळते. आषाढी एकादशीच्या सकाळी तो इन्स्टाग्रामवर टाकला तर हजारो लोक राम कृष्ण हरी म्हणून पुढे जातील, कारण त्या दिवशी सगळ्यांच्याच भिंतीवर विठ्ठल असतो. तोच लूप ज्येष्ठ लागण्यापूर्वी टाकला आणि सोबत ‘असे काम करून मिळेल’ एवढी ओळ व ईमेल दिला, तर तो अशा माणसापर्यंत पोहोचण्याची शक्यता असते ज्याच्या टेबलावर एकादशीच्या जाहिरातीचे काम नुकतेच आले आहे आणि करणारा सापडलेला नाही. गणपती आणि दिवाळीचेही तेच. प्रेक्षकांचा सण आणि काम देणाऱ्याचा सण यांत महिना-दीड महिन्याचे अंतर असते. लाइकचे आकडे प्रेक्षकांच्या तारखेला वाढतात, चौकशी मात्र दुसऱ्या तारखेला येते.

संपर्काचा तपशील सांगण्यासारखा नाही असे वाटेल, पण सांगायलाच हवा. यूट्यूबवर एक नाव, इन्स्टाग्रामवर दुसरे, लिंक्डइनवर तिसरे आणि ईमेल कुठेच नाही, अशी खाती असंख्य आहेत. शोधणारा माणूस दोन टिचक्यांच्या पलीकडे जात नाही. शोरील दीड मिनिटाच्या आत असावे, सर्वांत चांगला शॉट पहिला असावा आणि चमूने केलेल्या शॉटवर आपण नेमके काय केले हे लिहिलेले असावे, एवढे पाळले तरी पुरे. पार्श्वसंगीतावर फार जीव टाकू नये, पाहणारे बहुधा आवाज बंद करूनच पाहतात.

आलेले बोलावणे खरे की खोटे, हाही आता कामाचाच भाग झाला आहे. मोठ्या स्टुडिओच्या नावाने येणारे, ‘प्रशिक्षण अनामत’ मागणारे संदेश नवोदितांना सर्रास येतात. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलेला ईमेल, समोरासमोर व्हिडिओ कॉल आणि लेखी करार या तिन्हींपैकी एकही नसेल तर पुढे जाऊ नये. काम देण्यापूर्वी फुकट चाचणी मागणाऱ्याला आपला आधीचा तशाच प्रकारचा शॉट पाठवावा. नीट निवडलेले ऑनलाइन काम ही आधीच दिलेली परीक्षा असते, आणि खरा गिऱ्हाईक ती मान्य करतो. करारात हक्क सोपवताना मुदत आणि प्रदेश लिहिलेले नसतील तर कलम १९ नुसार मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारत असे धरले जाते, हे सुट्या कामांवर जगणाऱ्या अ‍ॅनिमेटरला ठाऊक असलेले बरे. शोरीलमध्ये शॉट वापरण्याची परवानगी त्याच करारात एका ओळीत मागून घ्यावी, कारण काम संपल्यावर ती देण्याची घाई कोणालाच नसते.

राहता राहिला वयाचा प्रश्न. सांगलीतल्या किंवा अकोल्यातल्या एखाद्या १४ वर्षांच्या मुलाला असेच बोलावणे आले तर काय होईल? १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्तीला करार करता येत नाही, म्हणून वडील सही करतात आणि सगळे ठीक आहे असे समजले जाते. पण मुंबई उच्च न्यायालयाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात अगदी अशाच सहीचा विचार केला होता. चित्रपटात काम करण्यासाठी अज्ञान मुलीच्या वतीने वडिलांनी निर्मात्याशी केलेला सेवेचा करार न्यायालयाने रद्दबातल ठरवला आणि ठरलेले काम न मिळाल्याबद्दलचा तिचा दावा टिकला नाही. तेव्हा मुलाच्या कामाचे पैसे शेवटी एकरकमी मिळतील या भरवशावर न राहता ते शॉटगणिक, काम हाती देण्यापूर्वी खात्यात जमा होतील अशी व्यवस्था पालकांनी करून घ्यावी, आणि मूळ ब्लेंडर फाइल शेवटचा हप्ता येईपर्यंत घरच्या यंत्रावरच ठेवावी.